कोटाचं मागणं

मला पत्ते शिकवले माझ्या थोरल्या जावेनं, झुंबरबाईनं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी तिच्याविषयी जे बोलणार आहे ते ऐकून कुणी म्हणायला नको की शिकवलेलं विसरली. मी काहीच विसरलेले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

लग्न होऊन मिरजगावजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा बदाम कुठलं आणि इस्पिक कुठलं हेही मला कळत नव्हतं. जामखेडकडच्या आमच्या घरात पत्ते म्हणजे गडीमाणसांचा नाद. बाईनं पत्त्याला हात लावला असता तर बापानं तो हात चुलीत घातला असता. इथं सगळं उलटं. दुपारच्या भाकरी झाल्या, भांडी घासून पालथी घातली, की सासूबाई ओसरीवर घोंगडं अंथरायच्या आणि कोनाड्यातला पत्त्यांचा कॅट काढायच्या. मुक्ताबाई त्यांचं नाव. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. सासरे मी यायच्या आधीच गेले होते, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो एकट्या आत्याबाईंचा. थोरले दीर कारभारी आणि माझे मालक राधाकृष्ण, दोघंही मिशा असलेले गडी, पण आईसमोर उभे राहिले की शाळेतल्या पोरांसारखे हात मागं बांधायचे.

खेळ एकच, मेंढीकोट. चौघी बसायच्या, समोरासमोरच्या दोघी एकमेकींच्या भिडू. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली, आणि चारीच्या चारी पकडल्या तर समोरच्या जोडीवर कोट. माझ्या आधी चौथ्या हाताला शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी यायची. ती वारली आणि खेळ बंद पडला. म्हणजे मी या घरात सून म्हणून आले त्याहून जास्त चौथा हात म्हणून आले. मला हळद उतरायच्या आधीच घोंगड्यावर बसवलं होतं.

आणि या घराचा एक कायदा होता, जो मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकला नाही. कोट चढवणाऱ्या जोडीनं एक मागणं मागायचं, आणि हरलेल्या जोडीनं ते पुरवायचं. आत्याबाई खेळात असायच्याच, आणि द्यायचं-न द्यायचं सगळं त्यांच्याच हातात, त्यामुळं मागणं म्हणजे आत्याबाईंकडं मागणं. कुणी एक दिवस दळणातून सुटका मागायचं, कुणी यात्रेला जायला. पण एकदा मोठं मागणंही झालं होतं. माझी नणंद रतनबाई चार दिवसांच्या माहेरपणाला आली होती. त्या म्हाताऱ्या शेजारणीला भिडू घेऊन तिनं आत्याबाईंवर कोट चढवला आणि मागितलं, "मला परत नांदाया धाडू नका." आत्याबाईंनी पानं खाली ठेवली, म्हणाल्या, "बरं." एवढंच. तिच्या सासरची माणसं बैलगाडी घेऊन दोनदा आली, दोनदा रिकामी गेली. शब्द म्हणजे शब्द. मी आले तेव्हा रतनबाईला माहेरी चार वर्षं झाली होती.

ते बहात्तर साल होतं. पाऊस नावालासुद्धा नव्हता. अर्धा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आमच्या घरच्या बाया खडी फुडाया जायच्या न्हाईत." बरं, नाही तर नाही. पण शेतात काम नाही, गोठ्यात दोनच जनावरं उरलेली, मग दिवसभर करायचं काय? रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी दळायची, तिच्या चिवट भाकरी थापायच्या, पाणी आणायचं आणि पत्ते खेळायचे. पाणी दीड मैलावर. विहिरीच्या तळाशी एक बाई उतरायची, वाटीनं घागर भरायची, आणि बाकीच्या वर रांगेत.

माझे मालक पावसाची वाट न बघता नगरला गेले होते. नागापूरच्या एका कारखान्यात त्यांना काम लागलं. दर दुसऱ्या रविवारी एस.टी.नं यायचे, अंगाला तेलाचा वास घेऊन. दिवाळीच्या आधीच्या खेपेला गोठ्यात जनावरांना वैरण टाकताना मला हळूच म्हणाले, "खोली केलीया. पत्र्याची हाय, पन दारातच नळ हाय. दोन्ही टायमाला पानी येतं."

दारात नळ! मी हातातली वैरण तशीच धरून उभी राहिले. पाण्याचं एक, पण मला त्या पाण्याच्या मागं आख्खा संसार दिसला. माझी चूल, माझं माणूस रोज संध्याकाळी घरी.

"मग मला न्या की."

"आई व्हय म्हनली की नेतो."

"तुमी इचारा."

"मी कसं इचारू? थोरला घरात आसताना मी बायकूला शेरात न्यायची म्हनू? लोकं त्वांडात श्यान घालत्याल."

अशी ही आमची स्वारी. कारखान्यात लोखंड कापत होते, घरात आईपुढं तोंडातून शब्द निघत नव्हता. आणि मी तरी कुठं बोलणार होते? नवऱ्याकडं जायचंय असं सुनेनं स्वतःच्या तोंडानं म्हणणं म्हणजे तिला लाजच नाही. सासूनं धाडायचं असतं, आपण फक्त खाली बघायचं असतं. माहेराहून आणलेली पितळी कळशी होती माझी, काठावर नाव घातलेलं, सौ. मनकर्णा. मी ती चिंच लावून लखलखीत केली आणि कापडात गुंडाळून ठेवली. नळाखाली ठेवायला.

झुंबरबाईच्या ते लक्षात आलं. विहिरीच्या रांगेत तिनं मला चिमटा काढला. "कळशीला एवढं चकाकवलंस, ती जायाची हाय का कुठं?"

मी सगळं सांगून टाकलं. मला दुसरं होतं कोण? रतनबाई आईची, आत्याबाई आत्याबाईच. झुंबरबाई ऐकत राहिली, मग म्हणाली, "कोट चढव. मग मागायचं."

"मी कशी मागू, बाई? मला लाज वाटंल."

"तू कशाला? आपुन भिडू हाय. मागायला तोंड उघडायचं ते थोरलीनं. मी मागीन की तुझ्यासाठी."

मी तिथंच तिच्या पाया पडले. खरंच पडले, रिकामी घागर बाजूला ठेवून. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तिनं मला मन लावून शिकवलं, हे मान्य. तोवर मी नुसती चौथा हात होते, वाटलं ते पान टाकायची. पहिल्या महिन्यात चांगली धरलेली मेंढी मी आत्याबाईंच्या एक्क्याखाली नेऊन घातली तेव्हा रतनबाई खिदळली होती आणि आत्याबाई म्हणाल्या होत्या, "जामखेडचीच ती. मेंढ्या राखाया तिकडं गवात कुठं हुतं?" आता झुंबरबाई भाकरी थापता थापता विचारायची, मी चुलीपुढं बसून सांगायची. भिडूचा हात होतोय हे दिसलं की मेंढी त्याच्यावर घालायची. समोरचीचा हात होत असला तर मेंढी लपवायची, दुसरं पान टाकायचं. ज्या रंगाचं पान आपल्याकडं नाही तिथं हुकूम मारायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पडलेली पानं मोजायची. ते मला लवकर जमलं. विहिरीवर रांगेत उभं राहून मी पुढच्या घागरी मोजायची, मागच्या मोजायची, मनात रंगवार लावायची. चौथीपर्यंत शाळा झाली होती माझी, हिशोबाला मी कधीच कच्ची नव्हते.

पण पानं येणं आपल्या हातात नसतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. उलट एकदा आत्याबाईंनीच आमच्यावर कोट चढवला आणि मागितलं की महिनाभर सकाळचं पाणी मनीनं एकटीनं आणायचं. हरलो होतो दोघी, पाणी मात्र माझ्या एकटीच्या डोक्यावर. झुंबरबाई खाली मान घालून पानं पिसत बसली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी वेडी, मला वाटलं, बिचारी, आत्याबाईंपुढं तिचं तरी काय चालणार.

मालक यायचे, जायचे. दर खेपेला विचारायचे, "झालं का काय?" जणू मी भाकरी थापत होते आणि ती भाजली का विचारत होते. मी म्हणायची, "पानं येऊ द्या."

पाडवा झाल्यावरच्या एका दुपारी पानं आली. झुंबरबाईनं वाटली होती. ऊन असं की ओसरीच्या कडेला पाय ठेवता येत नव्हता. माझ्या हातात इस्पिकचा एक्का, राजा, बदामाची एक्का-राणी. तिसऱ्याच हाताला रतनबाईकडं किलवर संपलं, तिनं इस्पिक मारलं आणि इस्पिक हुकूम झाला. मी खाली मान घालून बसले. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हेही झुंबरबाईनंच शिकवलेलं.

बदामाची मेंढी तिनं माझ्या एक्क्यावर घातली. किलवरची आम्ही आत्याबाईंकडून ओढली. चौकटची झुंबरबाईनं स्वतः हुकूम मारून आणली. तीन मेंढ्या आमच्या. आत्याबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि घोंगड्यावर मांडी बदलली.

शेवटी प्रत्येकीकडं दोन-दोन पानं उरली. आधीचा हात मी केला होता, म्हणून उतरायचं मीच. माझ्याकडं हुकमाचा एक्का आणि किलवरची तिर्री. झुंबरबाईनं एरवी शिकवलं होतं की हुकमाचा एक्का शेवटच्या हातापर्यंत राखायचा. माझा हात तिर्रीकडं गेलाही. मग मी थांबले आणि मनातल्या मनात पुन्हा मोजलं. अकरा इस्पिकं पडली होती. बारावं माझ्या हातात. राहिलं एकच, आणि ते म्हणजे दश्शी, चौथी मेंढी. तिर्री उतरले असते तर जिच्याकडं ती दश्शी होती तिनं हुकूम म्हणून मारून वाचवली असती. एक्का उतरले तर तिला दुसरं इस्पिकच नाही, दश्शी टाकावीच लागणार.

मी एक्का टाकला.

रतनबाईनं चौकटची पंजी टाकली. ती पंजी खरी नव्हती. मूळचं पान हरवलं होतं आणि आत्याबाईंनी काडेपेट्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर कुंकवानं पाच ठिपके दिले होते. झुंबरबाईनं बदामाची सत्ती टाकली. आत्याबाई थांबल्या. हातातली दोन पानं त्यांनी एकदा इकडून, एकदा तिकडून बघितली. मग इस्पिकची दश्शी माझ्या एक्क्यावर ठेवली, अगदी अलगद, आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"मोजलंस व्हय गं?"

"व्हय."

"कोट झाला," रतनबाई म्हणाली. तिला आपल्या मागण्याचा दिवस आठवला असावा, तिचा आवाज मऊ झाला होता.

मी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. दारात नळ, पत्र्याची खोली, संध्याकाळचा तेलाचा वास. मी झुंबरबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"मागा," आत्याबाई म्हणाल्या. नजर थोरलीकडं. रीतच होती तशी.

झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आत्याबाई, ह्यांना नागापूरला कामाला धाडा. हितं बसून काय करत्यात? भाऊजी लावत्याल चिकटवून कुठंतरी. आन मला बी संगं जाऊ द्या. नगरला मोठा दवाखाना हाय, दाखवून येती. आठ वर्सं झाली, घरात पाळना न्हाई. खोली तर भाऊजींची हायेच. दोघांच्या भाकरी मी करीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वाटलं, आता पुढं माझं नाव येईल.

आत्याबाईंनीच ते काढलं. "आन ही?"

"मनी? मनी ऱ्हाईल की तुमच्यापाशी. दोघी सुना गेल्यावर घरात कोन? पान्याला कोन जाईल?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. "बाई, तुमी तर..." एवढं निघालं. आत्याबाईंनी हात वर केला.

"थोरलीनं मागितलं, झालं. एका कोटाला एकच मागनं." आणि पानं गोळा करायला लागल्या.

मी उठून गोठ्यात गेले. तिथं झुंबरबाई माझ्या मागं आली. मी तिला काय काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. ती ऐकत उभी राहिली, मग म्हणाली, "ह्यांना दुसरी करून द्यायचं चाललंया, ठावं हाय का तुला? जेष्ठात बघाया जानार हुते. तुझं काय जातंय? तुझा नवरा तुझाच हाय, आज न्हाई तर उद्या नील."

"मग मला का शिकवलं? माझ्यासाठी मागीन का म्हनला?"

"रतन आईसंगं खेळती. म्हातारी मेली. मला भिडू पायजे हुता, मनी," ती म्हणाली. रडली नाही, लाजलीही नाही. तिचं दुःख मला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि तरी मी तिला माफ केलं नाही. दोन्ही होऊ शकतं.

रविवारी मालक आले. आत्याबाईंनी त्यांना निर्णय सांगितला, त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं निदान एकदा म्हणतील, मनीचं काय? गोठ्यात मला म्हणाले, "चला, जेवनाची तरी सोय झाली. खानावळीच्या आमटीत नुसतं पानी आसतं." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तुझं बी बघू पुढच्या साली." मी त्यांच्या पुढ्यातली वैरणीची पेंढी उचलली आणि बैलापुढं टाकली. त्यांच्या अंगावर टाकायची होती.

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं तिघं निघाले. झुंबरबाईनं दोन पातेली, तवा, काठवट बांधून घेतली. आत्याबाई आत आल्या, फळीवरचं माझं गाठोडं बघून म्हणाल्या, "ही कळशी दे तिला. तितं नळ हाय, पितळंचीच बरी. हितं खालवर व्हऊन पोचे पडत्याल." मी दिली. न देऊन काय करणार होते? रस्त्यापर्यंत पोचवायला मीच गेले. ती माझ्या नावाची कळशी काखेला लावून एस.टी.त चढली आणि खिडकीतून म्हणाली, "आत्याबाईंची काळजी घी." धुरळा उडाला, गाडी नगरकडं गेली. मी रिकाम्या हातानं वस्तीवर आले, घागर घेतली आणि विहिरीला गेले.

दोन खेपा झाल्या. मिलोच्या भाकरी झाल्या. भांडी घासून पालथी घातली. ओसरीवर घोंगडं पडलं होतं. रतनबाई बसली होती, आत्याबाई कॅट हातात घेऊन एकेक पान बाजूला काढत होत्या. दुर्र्या काढल्या, तिर्र्या काढल्या, चौक्या, पंज्या, छक्क्या. पुठ्ठ्याची पंजीही गेली. किलवरची आणि चौकटची सत्ती काढली. उरलेली पानं जोडून मांडीवर ठोकली.

"बस गं मने," त्या म्हणाल्या. "तिघीच झालो. आता पाच-तीन-दोन खेळू. येतं का तुला?"

"न्हाई."

"शिकवते. मेंढीकोट शिकलीस तशी हे बी शिकशील. डोकं हाय तुला." त्यांना खरोखर माझं कौतुक वाटत होतं, हेच मला सोसत नव्हतं. "एकीनं पाच हात करायचे, एकीनं तीन, एकीनं दोन. जिचे कमी झाले तिच्या हातातलं पान दुसरीनं वडायचं, न बघता, आन आपल्याला नको ते तिला द्यायचं."

मी घोंगड्याच्या कडेला बसले. त्या पानं वाटायला लागल्या, तिघींच्या पुढं तीन ढीग. मी माझी पानं उचलली नाहीत.

"आत्याबाई," मी विचारलं, "ह्याच्यात कोट आस्तो का?"

रतनबाईनं मान खाली घातली.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ह्याच्यात कोट नस्तो. उचल पानं."

मी पानं उचलली आणि रंगवार लावायला लागले.